निळ्या खड्यांतलं पाणी

कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिला सगळे वजनबाई म्हणत. शिक्षण जेमतेम सातवी, पण तराजूवर हात असा, की रतीभर इकडचं तिकडं व्हायचं नाही. सोळा वर्षं रोजंदारीवर काढली. आता कुठं कायम होण्याचा कागद प्राचार्यसाहेबांच्या टेबलावर सहीसाठी पोचला होता.

वजन करताना तिची तंद्री लागे. सरांनी एकदा सांगितलं होतं, साडेत्रेसष्ट ग्रॅम तांबं घ्या, त्यात सहावर तेवीस शून्यं इतके अणू असतात. तेव्हापासून चिमूटभर पूड पारड्यात पडली तरी ते सगळे अणू तिच्या डोळ्यांपुढं हळूहळू तरंगायला लागत. मुलं हसत. हसोत बापडी, त्यांना काय दिसतंय!

परीक्षेच्या सकाळी मोरचुदाची, म्हणजे कॉपर सल्फेटची, नेहमीची पांढरी, पाणी उडवलेली कोरडी पूड संपली होती. तिनं निळ्या खड्यांची बरणी उघडली आणि त्याच तंद्रीत नेहमीसारखे सोळा ग्रॅम मोजून लिटरभर पाण्यात विरघळवले. द्रावण रोजच्यासारखंच निळंशार झालं.

त्यात मोरचूद किती, हे मुलांनी शोधायचं होतं. दर वर्षी उत्तर लिटरला शंभर मिलिमोल येतं, हे जुन्या वह्यांवरून सगळ्यांना पाठ. धुतलेली भांडी ठेवत ती याच वर्गात शिकणाऱ्या स्वतःच्या लेकीच्या टेबलापाशी आली. लेकीनं तीनदा प्रयोग केला होता, तिन्ही वेळा चौसष्टच. खाली मान घालून पोर डोळे पुसत होती.

आईला सकाळची बरणी आठवली. निळ्या खड्यात मोरचुदाच्या प्रत्येक कणाबरोबर पाण्याचे पाच पाहुणे असतात, आणि तिनं पाहुण्यांचं वजनही घरच्यांत धरलं होतं. बोलावं तर सही गेली, गप्प बसावं तर पोर नापास. ती परीक्षकांपुढं गेली.

"साहेब, चूक माझी आहे. खडे पंचवीस ग्रॅम घ्यायचे होते, मी सोळाच घेतले. शंभराला चौसष्टच भरणार."

परीक्षकांनी कागदावर गणित मांडलं. चौसष्ट. मग उत्तरपत्रिका चाळल्या. शंभर, नव्व्याण्णव, शंभर, शंभर. एकच चौसष्ट.

"ही कोण?"

"माझी लेक."

त्यांनी ती उत्तरपत्रिका वेगळी काढून ठेवली. "बाई, तुमचं वजन चुकलं, हे मला अहवालात लिहावं लागेल."

"लिहा की," ती म्हणाली. "पण आधी तिला सांगा, तिचं बरोबर आहे म्हणून. मघापासून रडतेय ती."