हिंग नव्हे, हिंगे

तुळसाबाई रोज संध्याकाळी गाईपुढे वैरण टाकण्याआधी ती जुन्या लुगड्यावर झटकायची. खाली पडलेला कचरा बोटाने चाळायची आणि मगच पेंढी पुढे सरकवायची. बघणाऱ्याला वाटे, बाईचं काहीतरी हरवलंय.

पैनगंगेच्या अलीकडे, वऱ्हाडात, तिचं सासर. पलीकडे मोगलाईत, निजामाच्या मुलखात, माहेर. नवरा गेल्यावरही ती सासरीच, दीर जगदेवच्या भिंतीला लागून राहिली. एका वर्षी वैरण कमी पडली, म्हणून जगदेवने तिच्या भावाकडून मुगाचे वाळलेले वेल गाडीभर आणले; बैलांपुढे ते तुळसाबाईच टाकायची. थोड्याच दिवसांत जगदेवचे दोन्ही बैल रक्त मुतून मेले. वाटणीवरून घरात कुरबुर होतीच. "वैरण माहेरची, अन् चारणारा हात हिचा," जाऊ गोजराबाई विहिरीवर म्हणाली. पंच बसायचे ठरले. विष घातल्याचं त्यांनी मानलं, तर तुळसाबाईला घर सोडावं लागणार होतं.

दोष वेलांतच असावा असं तिला वाटत होतं, पण जगदेव आपल्या गंजीला हात लावू देईना; म्हणून ती नदी ओलांडून भावाकडे गेली. त्याच्या गंजीतून तिने तेच वेल उपसले. पानांच्या गुंत्यात पट्टेरी भुंगे मरून वाळले होते. त्यांना हिंगे म्हणतात. हा किडा जनावराच्या पोटात गेला की आतडी जाळतो, लघवीतून रक्त पाडतो. मागाहून चिकटवले असं कुणी म्हणू नये, म्हणून तिने भुंगे जागचे हलवले नाहीत. सगळा वेल तिने फडक्यावर टाक्यांनी शिवला, दुमडला आणि गठडीत बांधला.

परतताना सरहद्दीच्या जकात नाक्यावर कारकुनाने गठडी दाबून पाहिली.

"गांजा आहे काय?"

"मुगाचे वेल हायेत. अन् हिंगे."

"हिंग! किती तोळे?"

"हिंग नाही बापा, हिंगे."

"एक असो का दहा, जकात पडतेच."

त्याने फडकं उलगडलं, एक भुंगा बोटांत चुरडला आणि नाकाशी नेला. वास आला नाही. "भेसळीचा माल दिसतो," तो म्हणाला आणि तिला मोठ्या साहेबासाठी थांबवून घेतलं. तुळसाबाई ओट्यावर बसून राहिली. पंच तिकडे बसले असतील तर ती पळाली असंच म्हणत असतील, हे तिला कळत होतं.

सकाळी कारकून बाहेर आला तेव्हा त्याच्या ओठावर आणि बोटांवर पाण्याचे फोड टरारले होते. शिपाई हरिसिंग हसू दाबत म्हणाला, "साहेब, हिंगाची फोडणी जोरात बसली!"

कारकून तिच्यावरच ओरडला, "जहर नेते तू! कोणाले चारायचं हाये?"

"गाव बी मले हेच इचारून राह्यलं," तुळसाबाई म्हणाली.

मोठ्या साहेबाने गठडीला बोट न लावता तिला जायला सांगितलं.

पंच तिची वाटच पाहत होते. जगदेवने फडकं दुरूनच पाहिलं. "माहेरूनच आणलं वैनी. शिवलं बी तुमीच."

"मंग तुमच्या गंजीतले वेल झटका, भाऊजी. मी इथूनच पायतो."

गोजराबाईनेच गोधडी अंथरून वेल झटकले. पहिल्याच झटक्यात चार-पाच हिंगे गोधडीवर पडले. पंच धोतर झाडत उठले. माफी कुणी मागितली नाही. घर तुळसाबाईचं राहिलं, पण जगदेव तिच्या हातचं पाणी कधीच प्यायला नाही. "पोट ठीक नाही," म्हणायचा, वर्षानुवर्षं हेच.

पुढे स्वातंत्र्याच्या आदल्या हिवाळ्यात ती तापाने अंथरुणाला खिळली. जगदेव येऊन बसला. तिने उठून भिंतीला धरत चहा केला, कप त्याच्यापुढे ठेवला आणि पुन्हा पडली. तो कपाकडे बघत राहिला. थोड्या वेळाने तिने डोळे उघडले.

"निवून राह्यला ना, भाऊजी."