आईचे दात आणि बाबांचा भाव

आमच्या घरात मिक्सर लावायचा तर शेअर बाजार उघडायच्या आधी, नाहीतर बंद झाल्यावर. मधल्या वेळात बाबांना आवाज सहन होत नाही. चटकन काही सुचायला शांतता लागते म्हणे. निवृत्त झाल्यापासून त्यांना रोज चटकन काहीतरी सुचायचं असतं, आणि इतक्या वर्षांत ते एकदाही चटकन सुचलेलं नाही.

मी घरून काम करते. जेवणाच्या टेबलाचं एक टोक माझं, दुसरं त्यांचं. त्यामुळे त्यांचे सगळे प्रश्न माझ्या कानांवरून जातात. "विकू का? नको, लाभांश येऊ दे. का अजून थोडे घेऊन सरासरी खाली आणू? पण आणखी पडला तर?" उत्तर दिलं तर मला त्यातलं काही कळत नाही. नाही दिलं तर या घरात कुणाला कशाचं काही पडलेलं नाही.

खातं मात्र आईच्या नावावर आहे. बाबा नोकरीत असताना शेअर घ्यायला साहेबांची परवानगी लागायची, त्यापेक्षा आईची सही घेणं सोपं होतं. तेव्हापासून खातं तिचं, डोकं यांचं. काही विकायचं असलं की तिच्या मोबाइलवर सहा आकडे येतात, ते टाकल्याशिवाय विक्री होत नाही. बाबा बसल्या जागेवरून हाक मारतात, "अगं, आकडे!" आई हातातलं काम टाकते, हात पुसते आणि आकडे वाचून दाखवते. काय विकलं हे तिने कधी विचारलं नाही, यांनी कधी सांगितलं नाही.

आईचे खालचे तीन दात काढावे लागले, दोन दाढा आणि एक पुढचा. उरलेल्या दाढांनी तिला धड चावता येईना. मग सकाळीच, बाजार उघडायच्या आत, ती स्वतःपुरतं जेवण मिक्सरमधून काढून ठेवायची आणि दुपारी तो गार लगदा चमच्याने खायची. दातांच्या डॉक्टरांनी खर्च सांगितला तेव्हा बाबा म्हणाले, "पंपवाले माझ्या भावाला आले की विकतो, की लगेच दात. शब्द देतो."

पंपवाले म्हणजे पाण्याचे पंप बनवणारी एक कंपनी. बाबांनी तिचे शेअर दोनशे बाराला घेतले आणि घेतल्या दिवसापासून भाव खालीच. मी आईला म्हटलं, पैसे मी देते. तिने साफ सांगितलं, "त्यांनी कबूल केलंय. तू मधे पडू नकोस." एकाच घरात अशी दोन माणसं असली की तिसऱ्याने करायचं तरी काय?

एकदा भाव दोनशे अकरा रुपये पंचाण्णव पैशांपर्यंत आला आणि मागे फिरला. बाबा रोज सकाळी आईकडून आकडे घेऊन विक्री दोनशे बाराला लावून ठेवायचे, त्याच्या खाली ती होणार नव्हती. पाच पैशांसाठी दात हुकले.

"पाच पैसे कमी लावले असते तर?" मी विचारलं.

"मी तोट्यात विकत नाही."

हे खरं आहे. ते तोटा विकत नाहीत, जपून ठेवतात.

महिनाभराने भाव पुन्हा चढायला लागला. या वेळी आईसुद्धा त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. दोनशे अकरा झाले, साडेअकरा झाले, आणि बाबांनी लावलेली विक्री स्वतःच्या हाताने रद्द केली. "जोर आहे. सव्वादोनशे बघतो की नाही बघ." भाव दोनशे तेराला शिवला आणि उतरला, तो उतरतच गेला. आई आत गेली. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून वाटीवर चमचा घासल्याचा आवाज आला. मला तो लॅपटॉप खिडकीतून खाली टाकावासा वाटला.

मग एका सकाळी त्यांच्या दुसऱ्या शेअरचा, एका रंगाच्या कंपनीचा, भाव कोसळला.

"अगं, आकडे! लवकर!"

आई आली. मोबाइल मुठीत धरून माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली. बाजार चालू असताना ती कधी बसत नाही.

"आधी पंप विका."

"पंप कुठून आले मधेच? इथे रंगवाले बुडताहेत."

"आधी पंप. मग तुमचे रंग."

"एकशे नव्वद चाललाय तो. माझा भाव दोनशे बारा आहे."

"बाजाराला माहीत आहे का तुमचा भाव?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू तरी सांग हिला."

"माझी मीटिंग आहे," मी म्हटलं. नव्हती.

पडद्यावर रंगवाले आणखी खाली घसरले. बाबांनी दातओठ खात पंपांची विक्री लावली. आईने आकडे वाचले, एकेक करून, सावकाश. सहा आणि सात म्हणताना तिच्या तोंडातून हवा जात होती.

"हे कधीपासून?" बाबांनी विचारलं. रोज सकाळी ते तिच्याकडून आकडे घेत होते.

"दात काढल्यापासून," आई म्हणाली. "विकले गेले का ते बघा." विकले गेले होते. मग तिने रंगवाल्यांचे आकडे वाचले आणि ती उठली.

दातांच्या खर्चाला कमी पडलेले पैसे बाबांनी बँकेतून काढले, मला विचारलंही नाही. आईचे दात बसले, आणि नेमक्या त्याच आठवड्यात पंपवाले दोनशे वीसला गेले. बाबा ताडकन उठले आणि तिला ऐकवायला स्वयंपाकघराकडे निघाले. आता सगळं पुन्हा ऐकावं लागणार म्हणून मी कपाळाला हात लावला. पण ते दारातच थांबले. आत आई ओट्याला टेकून गाजर खात होती, न किसता, न शिजवता, कडाकडा. दोनशे वीस तोंडातच ठेवून बाबा परत आले आणि खुर्चीत बसले. बराच वेळ त्यांनी पडद्याकडे पाहिलं नाही.

"तिला सांग," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मिक्सर लावायचा असेल तर लाव म्हणावं. बाजार चालू असला तरी."

"बाबा," मी म्हटलं, "आता तिला तो लागत नाही."