शेवटची दहा पावलं

दुकानदार गाडीत लावायचं जीपीएस यंत्र दाखवत होता, पण त्याचा अंगठा विजेच्या वायरवरून हलत नव्हता.

"साहेब, टेकडीवर लपवलेले डबेसुद्धा शोधून देईल."

मागच्या दुकानातही हेच ऐकलं होतं. ते यंत्र टेकडीवर बंद पडलं आणि जीपीएसवरून लपवलेले डबे शोधण्याच्या खेळात रमणारी माझी लेक रडत उतरली.

"वायर काढा."

पडदा सुरूच राहिला. मग बाहेरच्या कडुलिंबाची जागा यंत्रात भरली, लांब गेलो, त्याच्या सांगण्यावरून परतलो. ते झाडाच्या दहा पावलं आधीच थांबलं.

"फसवताय," मी दुकानदाराला म्हणालो.

बरोबर आलेली लेक हसली. "बाबा, शेवटचं आपणच शोधायचं असतं."

जन्मभर मी दोघांना रस्ता विचारल्याशिवाय वळलो नाही. यंत्रानंतर विचारायचं दुसरं माणूस इतकं जवळ, माझी लेकच असेल, असं वाटलं नव्हतं.