न दुखणारा फोड

घरातला धाकटा मुलगा बाकावर बसला, उठला, पुन्हा बसला. गाड्यांना रंग मारण्यात त्याचा हात धरणारा माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही. चेपलेला दरवाजा आरशासारखा करून देतो पठ्ठ्या. पण दवाखान्याच्या त्या व्हरांड्यात त्याला स्वतःचे हात कुठे ठेवावेत ते कळेना. नखांतला लाल रंग खरवडत बसला.

आत बायकोला इंजेक्शन देत होते. तिला दिवस गेलेले. नेहमीची रक्ततपासणी केली आणि सिफिलिस निघाला. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, "शरीरसंबंधातून येतो हा. तुम्हाला त्रास जाणवत नसला तरी बाळापर्यंत पोचतो. पेनिसिलीननं बरा होतो. आठवड्याला एक, अशी तीन इंजेक्शनं. एकही चुकवायचं नाही." मग त्याच्याकडे वळून विचारलं, "तुम्हाला पूर्वी कधी फोड आला होता? न दुखणारा?"

"नाही," धाकटा म्हणाला. जीभच तशी वळली.

"असला तरी तो आपोआप जातो. माणसाला वाटतं, सुटलो. रोग मात्र रक्तात दबा धरून बसतो. तुमचंही रक्त तपासू आणि इंजेक्शन देऊ."

तेव्हापासून त्याच्या डोक्यात भुंगा शिरला होता. फोड आला होता ना! लग्नाआधी, परगावच्या कामावर असताना. कुणीतरी दिलेलं मलम चोळलं, फोड गेला. वर आणखी गॅरेजात सगळ्यांना छाती फुगवून सांगितलं, मलम म्हणजे रामबाण! आणि मलमानं कणभरही काही केलं नव्हतं.

शेजारी आई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. "काय निघालं रे रक्तात?"

"काही नाही गं."

"काही नाही म्हणून सुया टोचतात होय? मला दारावरची 'गुप्तरोग' अशी पाटी वाचता येते. आपल्या घरात आजवर असलं काही नव्हतं. हे बाहेरून आलंय. तिच्या माहेरी विचारते मी."

धाकटा उठला. खिडकीपर्यंत गेला, परत आला.

बायको कंबर धरत बाहेर आली. आईनं पिशवी शेजारच्या जागेवर ठेवली. बायको उभीच राहिली.

"कुणाचं दुखणं गं हे?" आईनं विचारलं.

"मला ठाऊक असतं तर सांगितलं नसतं का, आई?" तिचा आवाज चिरकला.

"पिशवी उचल, आई," धाकटा म्हणाला. "माझं आहे ते. लग्नाआधीचं. माझ्याकडून तिला गेलंय."

"हळू बोल! लोक ऐकतायत."

"ऐकू दे की!"

चारचौघांत असं बोलायला छाती लागते. या घरातल्या पोरांना ती आहे, कुणी काही म्हणो.

आईनं पिशवी उचलली. बायको बसली. "मग आत डॉक्टरांपुढे का तोंड शिवलं होतं तुमचं?"

"घाबरलो."

"आणि माझ्यावर आळ आला तेव्हा मजा बघत होतात. जा आधी. खरं सांगा त्यांना, रक्त द्या, सुई घ्या. आपलं काय ते घरी."

धाकट्यानं आत जाऊन सगळं ओकून टाकलं. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. "बरं झालं बोललात," एवढंच म्हणाल्या. "दोघांचे उपचार पूर्ण होऊन मी सांगेपर्यंत जवळ जायचं नाही." सुई अशी बोचली की पाय ओढत बाहेर आला.

बाकावर आई एकटीच.

"ती कुठाय?"

"गेली पुढे. थांब म्हटलं, तर म्हणाली, चालत जाते." आईनं मान खाली घातली. "मी चुकीचं बोलले रे तिला."

"ते तिला सांग," म्हणत तो लंगडतच फाटकाबाहेर पडला. बायको बरीच पुढे गेली होती. त्यानं हाक मारली. ती थांबली नाही. रस्ता ओलांडताना तेवढं मागे वळून बघितलं आणि पुन्हा चालू लागली.

धाकट्यानं तिच्यामागे झपझप पाय उचलला.