विमलच्या वाटणीचा घोट

वाईच्या स्टँडवर साताऱ्याची गाडी लागली आणि शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, "कुठं निघाला?"

"वायनरीला," मी म्हटलं.

"वाईतनंच तर बसलाय की," त्या म्हणाल्या, आणि माझी कीव आल्यासारखी मान हलवून त्यांनी मला खिडकीकडची जागा दिली. त्यांना 'वाईनगरीला' ऐकू आलं होतं, पण मी खुलासा केला नाही. आमच्या गावात घाटावर दोन वेळा दिसलं तरी तब्येतीची चौकशी होते. तिथली निवृत्त मास्तरीण सांगलीकडे वाइन चाखायला निघाली आहे, हे कळलं असतं तर गाडी सुटायच्या आत बातमी गणपतीपर्यंत गेली असती. आता मात्र सगळं लिहूनच काढते, म्हणजे विचारायचं कुणाचं काही राहणार नाही.

बोलावणं होतं विमलचं. विमल म्हणजे सांगलीच्या कॉलेजातली माझी खोलीतली जोडीदारीण. पलूसच्या अलीकडे तिचं गाव, जैन घर, पिढ्यान्‌पिढ्या मळा. नवरा, ज्यांना सगळे आण्णा म्हणत, जाऊन काही वर्षं झाली. मुलगा शीतल (त्या भागात हे मुलाचंही नाव असतं) याने आण्णांच्या हयातीतच मळ्यातल्या एका तुकड्यात वाइनची काळी द्राक्षं लावली आणि त्यांच्यामागे तिथेच छोटी वायनरी काढली. हंगामात सुट्टीला पाहुणे येतात, राहतात, द्राक्षं तोडतात, तुडवतात, पितात. विमलने यातला थेंब कधी चाखलेला नाही आणि चाखणार नाही. मद्य, मांस आणि मध या तिन्हींचा त्याग तिच्या घरात लहानपणापासून.

"पाणी उतरलंय बग द्राक्षांत. आता ये," ती फोनवर म्हणाली होती. आपल्याकडे माणसाचं पाणी उतरतं ते चारचौघांत फजिती झाल्यावर. द्राक्षात पाणी उतरलं की उलट ते सुधारतं. टणक आंबट मणी मऊ पडतो, त्याला रंग चढतो, गोडी भरते. ते नीट झालं नाही तर वर्षभराची मेहनत आंबट. मग ती म्हणाली, "तू मुलीकडं बेंगळुरात ऱ्हाऊन चार वाइनी पिऊन आलीस. तुला कळतंय त्यातलं. शीतलची वाइन पी आन् मला खरं सांग. चांगली हाय का न्हाई, एवढंच." 

आवाज असा होता की मी थट्टा केली नाही.

साताऱ्याला गाडी बदलली, आणि पुढची गाडी उंब्रजला थांबली तेव्हा चहा घेतला. तो इतका गोड होता की साखर कारखान्यांचा मुलूख सुरू झाल्याचं पाटी न बघता कळलं. पुढे कऱ्हाडच्या अलीकडे वाहतूक तुंबली. उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्यामागे मोटारी, मोटारींच्या टपांवर पुण्या-मुंबईच्या बॅगा. जोडून सुट्टी आली की या रस्त्याचं असंच होतं. कऱ्हाडला पुन्हा गाडी बदलली आणि कुंडल मागे टाकून दुपारी विमलच्या दारात उतरले.

तिने मला घट्ट धरलं, मग लांब धरून न्याहाळलं. "म्हातारी झालीस की," म्हणाली. 

"तू काय पोर आहेस?" मी म्हटलं. 

सूर्य मावळायच्या आत तिने मला जेवायला बसवलं, कारण अंधार पडल्यावर त्या घरात चूल नाही. खपली गव्हाची खीर, ज्वारीची भाकरी, कांदा-लसणाशिवायचा झुणका, आणि असं घट्ट दही की चमचा उभा राहावा. मी पोटाला तड लागेपर्यंत जेवले. 

भांडी आवरता आवरता तिने ते सांगितलं, पाठ माझ्याकडे करून. गावात मुनी महाराज येतात तेव्हा जैन घरांतून त्यांना आहार देतात, म्हणजे शुद्ध विधीने जेवू घालतात. सकाळी सोवळ्याने सैपाक करायचा, कलश घेऊन दारात उभं राहायचं, आणि महाराज कुणाच्या दारात थांबतील याची वाट बघायची. विमलच्या सासूच्या सासूपासून त्या घराने हे केलं होतं. वायनरी निघाली आणि तिने ते थांबवलं.

"बस्तीत कोणी काही बोललं?" मी विचारलं. बस्ती म्हणजे त्यांचं मंदिर.

"कोण कशाला बोलतंय? मलाच कळतंय की. ज्या घरात मद्य होतं त्या घरातला घास महाराजांना कसा घालू? त्या पिंपात किती जीव मरत असतील, ते मनातनं जात न्हाई. आता महाराज आले की मी दार लोटून घेती. पावलं वाजत्यात, पुढं जात्यात." तिने पातेलं पालथं घातलं. "पण पोरानं जीव लावून केलंय ते. आण्णा म्हणायचे, चांगलं करणार असंल तर करू दे. म्हणून म्हणती, चांगली हाय का तेवढं सांग. एवढं सोडलं ते चांगल्यापायी सोडलं, असं तरी वाटू दे मला."

मला राग आला. कुणावर ते तेव्हा सांगता आलं नसतं. देवाधर्मावर, शीतलवर, तिच्यावर, थोडा थोडा सगळ्यांवरच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच मळ्यात गेले. विमल वायनरीच्या फाटकाच्या आत पाऊल टाकत नाही. फाटकावर झेंडूची माळ आणि 'हंगाम महोत्सवात स्वागत' असा फलक. आत तंबू, कर्णे, आणि पांढऱ्या टोप्या घातलेली पाहुणे मंडळी, हातात कात्री, समोर फोटोवाला. एक घड तोडायचा, गालाशी धरायचा, फोटो काढायचा, घड टोपलीत. मी एका बांधावर बसलेल्या बाईला विचारलं, "खरी तोडणी कधी असते?" ती तिथली मजूर. 

"ही काय चाललीया की," ती म्हणाली आणि पदराआड हसली.

शीतल धावत आला, वाकून नमस्कार केला. "मावशी, लय बरं वाटलं. आई बरी हाय ना?" आणि लगेच मागे वळून एका पाहुण्यांना अगदी पुणेरी मराठीत, "आपण टबाकडे चलावं, सर." एकाच तोंडाचे दोन रस्ते. पण पोरगं देखणं आहे आणि कष्टाळू दिसतं, हेही खरं.

टब म्हणजे लाकडी पट्ट्यांचा मोठा हौद. त्यात गुडघ्याएवढी काळी द्राक्षं ओतलेली. गाणं सुरू झालं, पोरी चित्कारू लागल्या, आणि शीतलने मलाही हात देऊन आत घेतलं. विमलला सगळं सांगायचं होतं ना, म्हणून मीही उतरले. अन्नाला पाय लागला तर आम्ही पाया पडतो. इथे पाय लावायचे पैसे घेतात. थंडगार मणी तळव्याखाली फुटले, गार रस बोटांतून वर आला. आवडलं मला. कशाला खोटं सांगू?

मग छपराखाली वाइन चाखायची. लहान ग्लास, सोबत चीज आणि भडंग. शीतलने गेल्या हंगामाची लाल वाइन ओतली. बाटलीवर आण्णांच्या मळ्याचं चित्र आणि खाली नाव, 'विमल'. घोट घेतला. भरलेली, मऊ, जराशी गोडसर, जिभेवर रेंगाळणारी. मुलीकडे याहून महागड्या आणि याहून वाईट वाइनी मी प्यायले आहे. 

"शीतल, उत्तम आहे रे," मी म्हटलं. तो हसला, पण डोळे भडंगाच्या वाटीकडे वळले.

पाय चिकट झाले होते. धुवायला नळ शोधत मी शेडच्या मागे गेले. दार उघडं होतं. आत स्टीलच्या मोठ्या टाक्या ओळीने उभ्या, आणि टाक्यांमध्ये, टाक्यांवर, प्लास्टिकच्या खुर्च्या, गुंडाळलेल्या सतरंज्या, मागच्या सणाच्या दिव्यांच्या माळा. एका टाकीचं झाकण उघडं होतं. आत झाडू उभे करून ठेवलेले. हंगाम ऐन भरात, आणि तिथे वास होता तो धुळीचा.

शीतल मागे येऊन उभा राहिला होता.

"पहिल्या साली आंबली, मावशी. शिरका झाला सगळ्याचा. दुसऱ्या साली पण. पहाटे उठून गटारात सोडली, कुणी बघू नये म्हणून." तो आता पुणेरी बोलत नव्हता. "तवापासनं तयार माल येतोय दुसरीकडनं. आमी बाटल्या भरतो, कागद चिकटवतो."

"आणि आण्णांची द्राक्षं?"

"बियांची हायत, खायाच्या बाजारात कोण घेतंय? तुडवायला वापरतो. पावण्यांना तेच पायजे असतंय."

"तुडवलेल्याचं काय करता?"

"उकिरड्यावर. पायाखालचं कोण पिणार?"

"विमलला सांगितलंस?"

"तिला कुठं चव घ्यायची हाय," तो पटकन म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याचा त्यालाच चटका बसला. "तिनं आहार सोडलाय माझ्यापायी. मला म्हाईत न्हाई व्हय? आता मी कुठल्या तोंडानं सांगू, की आई, मला जमलंच न्हाई?"

आईचा नियम लेकाच्या पथ्यावर पडला होता. तिने कधी ओठाला लावायची नाही, म्हणून त्याला कधी सांगावं लागायचं नाही. मला त्याला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या आणि जवळही घ्यावंसं वाटलं. मी दोन्ही केलं नाही. पाय न धुताच चपला घातल्या. निघताना त्याने ती 'विमल' नावाची बाटली माझ्या पिशवीत घातली आणि हात जोडले.

परतीच्या बांधावर मी एक हिशेब मांडला, आणि तो मला फार शहाणपणाचा वाटला. विमलने विचारलंय काय? वाइन चांगली आहे का, एवढंच. वाइन चांगली आहे. मग खोटं कुठे आहे त्यात? शाळेत अशी उत्तरं देणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं करत असे.

ती अंगणात शेंगा निवडत बसली होती. वर बघितलं नाही. 

"पिलीस?"

"प्याले."

"कुठल्या सालची दिली?"

"गेल्या हंगामाची."

"कशी हाय?"

"चांगली आहे, विमल. खरंच चांगली. भरलेली, गोडसर. तुझं नाव शोभतं तिला."

तिचा हात सुपात थांबला. तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं ते बराच वेळ. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येणार, आणि मी तयारीत राहिले.

"गोडसर?" ती म्हणाली.

"हो."

"शैले, गेल्या साली ऐन टायमाला अवकाळीनं झोडपलं. आपल्या मळ्यात पाणी उतरलंच न्हाई. मणी शेवटपर्यंत आंबट, गुरं बी तोंड लावत न्हवती." ती हळू बोलत होती, शब्द मोजून. "त्यानं आपल्याच द्राक्षांची केली असती तर ती वाइन वाईट असायला पायजे हुती. तू वाईट म्हणून आली असतीस तर मी आज साखर वाटली असती."

मी तिथेच पायरीवर बसले. मग सगळं सांगितलं. टाक्या, झाडू, गटार, उकिरडा. ती रडली नाही. सुपातल्या शेंगा पुन्हा निवडू लागली, निवडलेल्याच.

"म्हंजे माझ्या घरात मद्य झालंच न्हाई," ती म्हणाली. "महाराज दारावरनं जात ऱ्हायले, मी आत बसून ऱ्हायली, आन् ह्यानं ते केलंच न्हाई."

"आता आहार दे की मग," मी म्हटलं. बोलण्यापेक्षा न बोललेलं बरं, हे मला कधी समजणार?

"काय सांगू बस्तीत? पोरगं करत न्हाई, नुसतं इकतंय?" ती हसली. तसलं हसू मला पुन्हा बघायचं नाही. मग म्हणाली, "त्याला सांगू नगंस मला कळलंय म्हणून."

"का गं?"

"त्यानं माझ्यापायी लपवलं, मी त्याच्यापायी सोडलं. आता कुणी कुणाला सांगायचं?"

त्या संध्याकाळीही सूर्य मावळायच्या आत आम्ही जेवलो. शीतल पाहुण्यांना वाटेला लावून आला, आमच्याशेजारी बसला, आईने त्याला भाकरी वाढली. "कसे हुते पावणे?" "बरे हुते." दोघं अगदी नेहमीसारखे बोलले.

सकाळी मी निघाले तेव्हा विमल घरात नव्हती. मी एस.टी.च्या थांब्यावर पोचले तर ती मळ्याकडून येताना दिसली, पदर खोचलेला, पाय मातीने भरलेले. आजवर ज्या फाटकाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं त्याच्या आत ती जाऊन आली होती. तिने वर्तमानपत्रात गुंडाळलेला पुडा माझ्या हातात दिला. 

"औंदा पाणी झक्कास उतरलंय," ती म्हणाली. "खा गाडीत. परवापासनं परत पावणे हायत." आणि गाडी यायच्या आत ती वळून गेलीसुद्धा.

कऱ्हाड आलं, मागे पडलं. उंब्रजला चहावाला खिडकीशी येऊन ओरडला, मी त्याला नको म्हटलं आणि पुडा सोडला. काळे, बारीक मण्यांचे दोन घड. एक मणी तोंडात टाकला. जाड साल दाताखाली फुटली आणि इतकी गोडी पसरली की मी डोळे मिटले. मग एकेक करून खात सुटले, बिया मुठीत जमवत. आण्णांच्या मळ्यातली, शीतलने लावलेली, हातात आली तर सोनं होणारी द्राक्षं. तिला ती खायला बंदी नव्हती. बंदी नसलेलं तेवढंच तिच्याकडे उरलं होतं, आणि तेही परवा गाण्याच्या तालावर टबात जाणार होतं.

वाई आली. बाटली पिशवीत तशीच होती, ती अजून फळीवर तशीच आहे. उतरताना चपलेत पाय चिकटला म्हणून खाली बघितलं. पाय धुतले तरी टाचेच्या भेगांत टबातला तोच रस वाळून काळा झाला होता.