मामाची मुलगी आणि ‘निरोगी’ रक्त

“मॅडम, तुमच्याकडे रक्ताच्या ट्यूबा अदलाबदल झाल्यात. नवरा-बायकोचं एचएलए अर्धं जुळतंय. असं कसं होईल?” पुण्याहून सरांचा फोन. मोठे संशोधक. मी लातूरला डॉक्टर; लातूर त्यांनी नकाशात नक्कीच पाहिलं असावं.

एचएलए म्हणजे पेशींवरचं, आई-वडिलांकडून अर्धं-अर्धं मिळणारं ओळखपत्र. त्यावरून शरीराची प्रतिकारशक्ती आपलं कोण, परकं कोण ते ठरवते. हृदयाचा स्नायू सैल पडून हृदय फुगण्याचा आजार कुठल्या ओळखपत्राला जास्त गाठतो, हे सर शोधत होते. ते समाजासमाजात वेगळं निघतं, म्हणून एकदाची आम्हा मराठवाड्यातल्या लोकांची आठवण झाली. तुलनेला रक्ताचं नातं नसलेली निरोगी माणसं लागतात. सरांची युक्ती अशी, की पेशंटची बायकोच घ्या. घर एक, जेवण एक, रक्त वेगळं. मीही मान डोलावून फॉर्मवर ‘रक्ताचं नातं नाही’पुढे खुणा केल्या. माझं सासर-माहेर दोन्ही इथलंच, तरी डोकं चाललं नाही.

ते जोडपं, म्हणजे माझे पेशंट, निलंग्याचे किराणा दुकानदार शिवलिंगप्पा आणि त्यांची बायको महादेवी यांना परत बोलावलं.

“अप्पा, तुमच्या दोघांत रक्ताचं नातं नाही असं सांगितलंत ना?”

“न्हाईच की म्याडम. मामाची पोरगी हाय. मामाचं कूळ येगळं!”

झालं. अप्पांची आई आणि महादेवीबाईंचे वडील सख्खे बहीण-भाऊ. ट्यूबा बिचाऱ्या खरंच बोलत होत्या.

महादेवीबाई मात्र बोलत नव्हत्या. एक जिना चढून आल्या आणि त्यांना दम आवरेना. पायांवर सूज. त्यांचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, आम्ही कधी केलाच नव्हता. “मला काय बी न्हाई,” एवढ्यावर त्या निरोगी ठरल्या होत्या. लगेच इको केला. हृदय अप्पांच्यापेक्षा जास्त फुगलेलं. मला माझीच लाज वाटली.

“कधीपासून धाप लागते?”

“दोन वर्सं झाली. पर आजारी तर ह्ये हायेत. दोघं बी झोपल्यावर दुकान कोण बघंल?”



सरांना कळवलं. “वगळा त्यांना,” सर म्हणाले, “आमचा डेटा बिघडतो.”

वगळलं. अभ्यासातून त्यांचं नाव कटलं आणि माझ्या ओपीडीत लागलं. औषधं वेळेत सुरू झाली, सूज उतरली.

हल्ली मी रक्ताचं नातं विचारत नाही, मामाचं नाव विचारते. आणि ‘निरोगी’ लिहिताना हात अडखळतो. आमच्याकडे निरोगी म्हणजे बहुतेक वेळा जिला कुणी तपासलंच नाही, ती बायको.