डाव्या हातानं वाजलेली सतार

पिक्चर पुन्हा अंधारला. पहिल्या रांगेतल्या सोनटक्केसाहेबांनी मान वळवून आधी मागच्या प्रोजेक्टरच्या कॅबिनकडे पाहिलं, मग गेटपाशी उभ्या असलेल्या माझ्याकडे. मी पदर खोचला आणि कॅबिनचा लोखंडी जिना चढायला लागले. सलग तिसरा शनिवार, आणि तीच कहाणी.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. धंतोलीतल्या एका सांस्कृतिक केंद्राची मी व्यवस्थापिका होते. व्यवस्थापिकेचं काम काय, तर कलाकार रुसला की त्याची समजूत काढायची, माइक रुसला की मेकॅनिक शोधायचा, आणि दोघंही ठीक असले तर माठात पाणी आहे का ते बघायचं. उन्हाळ्यात आमचा खास कार्यक्रम असे. शनिवारी जुना गाजलेला सिनेमा, रविवारी गाणं-बजावणं. सगळं खुल्या रंगमंचावर. नागपूरच्या मे महिन्यात बंद हॉलमध्ये कोण बसणार, बापा! संध्याकाळी अंगणात पाणी मारायचं, खुर्च्या टाकायच्या, अंधार पडला की सुरू.

रंगमंचाला मागची भिंत नव्हती. शनिवारी दोन लोखंडी खांबांना पांढऱ्या मांजरपाटाचा मोठा पडदा ताणायचा, रविवारी गाण्यासाठी तो काढून ठेवायचा. टॉकीजमधला पडदा कायमचा असतो, जाड असतो. आमचा साधा कापडाचा. तरी पिक्चर कसा लख्ख दिसायचा! त्याचं श्रेय आमच्या ऑपरेटरचं, नत्थूजींचं.

तेव्हाच्या प्रोजेक्टरमध्ये बल्ब नसे. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर धरायच्या, त्यांच्यामध्ये विजेची ठिणगी सतत पेटती ठेवायची, तोच उजेड. कांड्या जळून आखूड होतात, मधलं अंतर वाढतं, आणि उजेड मंदावतो. म्हणून ऑपरेटरनं काळ्या काचेतून त्या ठिणगीवर नजर ठेवायची आणि चाक फिरवून कांड्या जवळ आणत राहायच्या. सगळा खेळ नजरेचा. पन्नाशी ओलांडलेल्या आणि जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या माणसावर संशय यायला तेवढं पुरे होतं.

मी वर पोचले तेव्हा नत्थूजी घामानं निथळत होते.

"मी तं कांड्या जवळच आणून राहिलो, बाई," ते म्हणाले. "ठिणगी पहा न तुम्हीच. पांढरी फेक हाय. मंग पडद्यावर उजेड काहून नाही जात?"

मी काचेतून पाहिलं. ठिणगी झकास होती. व्होल्टेजचा काटा जागच्या जागी. आरसा पुसलेला, लेन्स पुसलेली. आणि खाली पडद्यावर नायिका संध्याकाळ झाल्यासारखी करडी दिसत होती. अर्ध्या तासानं पिक्चर आपोआप उजळला. जरा वेळानं पुन्हा अंधारला. ठिणगी मात्र पूर्ण वेळ तश्शीच.

शो सुटल्यावर सोनटक्केसाहेब ऑफिसात आले. ते केंद्राचे सेक्रेटरी, पेशानं वकील. साधं पाणी मागितलं तरी उलटतपासणी घेतल्यासारखं वाटायचं.

"घाटेबाई, पहिल्या शनिवारी मी खापरखेड्याच्या विजेला दोष दिला. दुसऱ्या शनिवारी तुम्ही लेन्सला दिला. आता कोणाला देता?"

"अजून शोधते आहे, साहेब."

"शोधायचं काय त्यात? माणसाची नजर गेली. त्याला दोन कांड्यांतलं अंतर दिसत नाही. वाईट वाटतं, पण सभासद मला विचारतात. पुढचा शनिवार बघू. नाही सुधारलं, तर नवा ऑपरेटर आणू."

नत्थूजी दारातच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं भांडतील, पण त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि म्हणाले, "साहेबांचं खरं असन, बाई. मले बी आता तसंच वाटून राहिलं."

डोळ्यांच्या डॉक्टरनं त्यांना चष्मा ठीक आहे म्हणून सांगितलं होतं. पण त्यांचा डॉक्टरवर विश्वास उरला नव्हता, स्वतःवर तर नव्हताच. आयुष्यभर ज्या नजरेवर भाकरी खाल्ली, तीच फितूर झाली असं मानून बसलेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. आणि मला त्यांचं म्हणणं पटत नव्हतं. ठिणगी तर मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती! नजर त्यांची गेली असेल, माझी तर नव्हती न गेली?

दुसऱ्या दिवशी, रविवारी सतारीचा कार्यक्रम होता. पडदा काढायच्या आधी मी तो हातानं चाचपून पाहिला. कोरडा ठणठणीत, स्वच्छ. फाटका नाही, मळका नाही. म्हणजे तिथंही काही नाही. मी नाद सोडला आणि माठ बघायला गेले.

सतार सुरेख झाली. कार्यक्रमानंतर सतारिये मागच्या अंगणात, नळापाशी वाद्याला खोळ घालत होते. कळशी भरायला एक नऊवारीतली म्हातारी आली होती. समोरच्या दवाखान्यात गावोगावचे पेशंट येत; त्यांच्यासोबत आलेल्या बायका आमच्या मागच्या नळावर पाणी भरत, झाडाखाली पथारी टाकत. त्यांना कोणी अडवत नसे. म्हातारी सतारीकडे मोठ्या कुतूहलानं बघत होती. मग तिनं विचारलंच.

"काहो भाऊ, तुम्ही उजव्या हातानं काहून वाजवता?"

सतारिये हसले. "सगळे उजव्यानंच वाजवतात, आजी."

"सगळे नाही. कालच्या शिनेमातली ते बाई तं डाव्या हातानं वाजवत होती. अन् काय मस्त वाजवत होती!"

सतारिये पुन्हा हसले आणि खोळीची नाडी बांधायला लागले. मी मात्र हातातला कंदील घेऊन उभीच राहिले. कालच्या सिनेमात दरबाराचा प्रसंग होता, सतारही होती. पण नायिका उजव्या हातानं वाजवत होती. मी बघितलं होतं, साऱ्या सभासदांनी बघितलं होतं. डाव्या हातानं ती फक्त एकाच ठिकाणाहून दिसू शकते. पडद्याच्या मागून.

आता मागून पिक्चर दिसतो हे काही नवल नाही. एकेरी कापड, थोडा उजेड आरपार जाणारच. पण थोडाच. भुतासारखं काहीतरी दिसेल. त्यात सतार कोणत्या हातात आहे हे कळण्याइतकं स्पष्ट कसं दिसलं? म्हातारीला तिथंच विचारावं असं शंभरदा वाटलं. पण विचारलं असतं तर ती घाबरून पुन्हा आली नसती, आणि मला कधीच काही कळलं नसतं.

पुढचा शनिवार येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पिक्चर सुरू झाला. थोडा वेळ लख्ख चालला, मग अंधारला. नेहमीप्रमाणे साऱ्या लोकांनी माना वळवून कॅबिनकडे पाहिलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की तीन शनिवार मीही हेच केलं होतं. पिक्चर अंधारला की जो तो मागे बघणार. पडद्याकडे जाणार कोण? त्या दिवशी मी जिन्याकडे न जाता विंगेच्या बाजूनं मागच्या अंगणात गेले.

आणि बघतच राहिले. मागून पिक्चर काय झगझगीत दिसत होता! पोत्यांवर, सतरंज्यांवर दहा-पंधरा बायका बसलेल्या. कोणाच्या मांडीवर डबा, कोणाच्या हातात पंखा. आणि पडद्याला अगदी लागून ती म्हातारी, पाठीवर आमचा फवारणीचा पंप लटकवून, कापसाच्या पिकावर औषध मारावं तशी शिस्तीत पडद्यावर पाणी मारत होती.

तो पंप आम्ही ऑफिसच्या खिडक्यांवरच्या वाळ्याच्या ताट्या ओल्या करायला ठेवला होता. रंगमंचाखालीच पडलेला असे.

"हे काय चाललंय, आजी?" मी हळूच विचारलं.

ती दचकली नाही. "ओला केला म्हणजे दिसते न वं. आमच्या जत्रेत तंबूचा शिनेमा येते तं बायकाइची बसाची जागा मागूनच राहते. पाणी नाही मारलं तं काई दिसत नाही."

कापड ओलं झालं की उजेड त्याच्यावरून परत फिरत नाही, आरपार जातो. म्हणजे जेवढा उजेड या बायकांना मिळत होता, तेवढा सभासदांचा कमी होत होता. आणि नागपूरची गरम हवा अर्ध्या तासात पडदा कोरडा करायची. म्हणून पिक्चर आपोआप उजळायचा, म्हणूनच मी चाचपला तेव्हा पुरावा वाफ होऊन गेला होता. मला इतकं हसू आलं, की मी तोंडावर पदर धरला. मग नत्थूजींची आठवण झाली आणि हसू विरलं.

मी जाऊन सोनटक्केसाहेबांना उठवून आणलं. ते आले ते कडाडतच. "हा काय प्रकार आहे? कोण आहात तुम्ही? कोणाच्या परवानगीनं..."

"खाली बस गा," मागून कोणीतरी बाई म्हणाली. "दिसून नाही राहिलं."

साहेबांना भर कोर्टातही असं कोणी म्हटलं नसेल. ते चक्क पोत्याच्या कोपऱ्यावर बसले. जरा वेळ बघितल्यावर मला हळूच म्हणाले, "घाटेबाई, इथून पुढच्यापेक्षा चांगलं दिसतं हो." मग त्यांना आपण सेक्रेटरी असल्याचं आठवलं. घसा खाकरून ते म्हातारीला म्हणाले, "हे बघा, पाणी मारणं बंद करा. तुम्ही सगळ्या पुढं येऊन बसा. मी सतरंज्या टाकायला सांगतो."

"पुढं नाही येत, दादा."

"का? कोणी काही म्हणणार नाही."

म्हातारीनं पडदा आणि विंग यांच्यामधल्या फटीकडे बोट केलं. फटीतून रस्त्यापलीकडच्या दवाखान्याचा वरचा मजला दिसत होता. "पुरुषाइच्या वॉर्डात बायकाइले संध्याकाळच्या बाद राहू देत नाही. पोरगा बसला हाय बापापाशी. काई झालं तं खिडकीतून बॅटरी दाखवते. पुढं बसलं तं दवाखान्याकडे पाठ होते न."

साऱ्या बायका त्या फटीकडच्याच बाजूला दाटीवाटीनं का बसल्या होत्या, ते मला आत्ता उमगलं. अर्धी नजर पिक्चरवर, अर्धी खिडकीवर. तेवढ्यात खरंच एका खिडकीत उजेड दोनदा उघडला-मिटला. एक तरणी बाई उठली, पदर सावरला आणि बाजूच्या फाटकातून धावत गेली. बाकीच्यांनी तिच्या पोत्यावर तिचा डबा ठेवला, जागा धरून. मला पुढचा पिक्चर काही दिसला नाही.

शो सुटल्यावर मी वर जाऊन नत्थूजींना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "तुम्ही माझ्या समाधानासाठी म्हणून राहिल्या, बाई. चांगल्या हा तुम्ही."

आता काय करावं! मी खाली आले, साहेबांना सांगितलं. वकीलच ते. म्हणाले, "मग पुरावा देऊ." त्यांनी कोट काढला, स्वतः पंप पाठीला लावला आणि पडद्याची फक्त डावी बाजू ओली केली. धोतरही निम्मं ओलं झालं. मग ओरडले, "नत्थूजी, एखादं रीळ चालवा!"

रीळ सुरू झालं. पडद्याची उजवी बाजू लख्ख, डावी अंधारलेली. मधे सरळ रेघ. नायकाचा अर्धा चेहरा दिवसात, अर्धा संध्याकाळी. मी नत्थूजींच्या शेजारी उभी होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"उजेड तं एकच हाय न, बाई?"

"एकच."

"कांड्या बी त्याच?"

"त्याच, नत्थूजी."

"मंग डोळे ठीक हायेत," ते म्हणाले, आणि काळ्या काचेला टेकून लहान पोरासारखे रडले. रीळ संपून पांढरा उजेड पडद्यावर पडला तरी त्यांना भान नव्हतं. त्यांची मशीन मीच बंद केली, आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटची.

नव्या ऑपरेटरचा विषय तिथंच संपला. साहेबांनी फैसला दिला: इंटरवलपर्यंत पडदा कोरडा, पुढच्यांचा, इंटरवलनंतर ओला, मागच्यांचा. सभासदांनी उत्तरार्ध अंधुक असल्याची कुरकुर केली. साहेब गंभीर चेहऱ्यानं सांगत, "उन्हाळा आहे, हवेचा दोष." हळूहळू काही सभासद इंटरवलनंतर गुपचूप मागे जाऊन बसायला लागले, ती गोष्ट वेगळी.

सीझन संपता संपता ती म्हातारी मला शोधत ऑफिसात आली. तिच्या नवऱ्याला दवाखान्यातून सुट्टी मिळाली होती. सकाळच्या एसटीनं गावी जाणार होते. आता खिडकीकडे बघायची गरज नव्हती, म्हणून मी आग्रह करकरून तिला त्या संध्याकाळी पहिल्या रांगेत, साहेबांच्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं. ती ताठ बसली, पडद्याकडे बघत राहिली. पहिलं रीळ संपायच्या आतच उठून माझ्यापाशी आली.

"काय झालं, आजी?"

"इथून नाही जमत, बाई," ती म्हणाली. "इथून तं सारं उलटंच दिसते."

आणि मागे, आपल्या पोत्यावर जाऊन बसली. पुढं पंचवीस वर्षं मी नोकरी केली. कोणाही माणसाची तक्रार आली की मी आधी दुसऱ्या बाजूला जाऊन बघून यायची. माणूस बदलायचा विचार त्यानंतर.